मागच्या बाकापर्यंत

"दादा, उद्या तुझं नाव मला वाचावं लागंल," देवदान म्हणाला, आणि वहिनीनं दिलेला चहा न पिताच त्यानं खाली ठेवला.

सगुणा दारातच थबकली. धाकटा दीर घरी आला की आधी चहा घ्यायचा, मग पुतणीची थट्टा करायचा आणि मग कामाचं बोलायचा. सात वर्षांपूर्वी पाळक होऊन तो पुण्याहून तांबवडीच्या ख्रिस्ती देवळात आला, तेव्हापासून हा क्रम कधी मोडला नव्हता. आज त्यानं चपलासुद्धा धड काढल्या नव्हत्या, एक पालथी पडली होती.

"वाच की," तिचा नवरा शमुवेल म्हणाला. "मोठ्यानं वाच. आईनं लय हौसेनं ठेवलंय नाव. भावाच्या तोंडनं ऐकू दे साऱ्या मंडळीला."

यादीची कुणकुण आठवडाभर मिशनच्या कंपाउंडात होती. मिशनचे गोरे साहेबलोक मायदेशी गेले त्याला आता सहा वर्षं झाली होती. त्यांच्यामागं दवाखान्याला कुलूप लागलं, शाळा जिल्हा परिषदेनं घेतली, बंगल्यात वटवाघळं राहू लागली. उरलं ते देऊळ आणि त्याच्याभोवतीची चाळीस घरं. ही चाळीसही घरं मूळची मांगवाड्यातली, दोर वळणाऱ्यांची. सरकारनं मांग समाजाला सवलती दिल्या होत्या, पण त्या कागदावर 'हिंदू' असलेल्यांना. 'ख्रिस्ती' असं लिहिलं की सवलत गेली. मग काय, एकानं मामलेदार कचेरीत जाऊन आपण हिंदू असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, त्याचं बघून दुसऱ्यानं केलं, आणि बघता बघता पंधरा घरं कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती झाली. देवदाननं ठरवलं होतं की प्रभुभोजनाचा पाव आणि रसाचा प्याला फिरायच्या आधी त्या घरांची नावं मेजापुढं वाचायची. त्यांनी दारालगतच्या मागच्या बाकावर बसायचं, आणि कागद मागं घेईपर्यंत त्यांना प्याला द्यायचा नाही.

शमुवेलचं घर सोळावं. परवा गुरुवारी त्यानं मुलीच्या प्रतिज्ञापत्रावर बाप म्हणून सही केली होती. मुलीची सही तेवढी राहिली होती. करुणा बारावीला सायन्स घेऊन पास झालेली. खुल्या यादीत तिला आठ गुण कमी पडत होते आणि सवलतीच्या यादीत तिचा नंबर पहिल्या दहात होता. सोमवारी मिरजेला कागद दिला की पोरगी डॉक्टर होणार होती. वायदंड्यांच्या या घरात, कंपाउंडात, सबंध तांबवडीत आजवर कुणाची मुलगी डॉक्टर झालेली नव्हती.

"पोरीनं अजून सही केली न्हाई न्हवं?" देवदाननं विचारलं. "मग अजून वेळ हाय. तुझा कागद मागं घे. मी यादी फाडतो."

"आणि पोरीचं काय करू? दोर वळायला बसवू?"

"दादा, गावानं आपल्याला काय म्हटलं आजवर? दूध-पावडरीचं ख्रिस्ती. साहेब पावडर वाटतोय तवर हे येसूचं, पावडर संपली की हे बी संपलं. आज साहेब न्हाई, पगार न्हाई, दवाखाना न्हाई. कलेक्टर पूर्वी साहेबाला खुर्ची द्यायचा म्हणून आपल्याला पायरीवर तरी उभा करायचा, आता तेवढंबी न्हाई. आपल्याजवळ राहिलंय काय? एक खरं बोलणं. तेबी इकलं तर देवळाला मी कशाला झाडू मारू? गाव म्हणत हुतं तेच खरं ठरलं की."

देवदान बोलायला लागला की सगुणाला त्याचं पटायचं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, तिच्याच हातची भाकरी खाऊन वाढला होता. तो खोटं बोलत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिला त्याची भीती वाटत होती.

शमुवेल उठून उभा राहिला. पूर्वी तो मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. आता माधवनगरच्या गिरणीत जायचा, आणि पाळीवरून आल्यावर त्याचा आवाज नेहमीच यंत्राच्या वर चढलेला असायचा. आज तर बोलायलाच नको.

"तू पुण्याला चार वर्षं शिकलास, ती कुणाच्या जिवावर? साहेबाच्या. का दिलं साहेबानं? तू ख्रिस्ती हुतास म्हणून. तुला ख्रिस्ती म्हणून मिळालं ते देवाचं देणं, आणि माझ्या पोरीला हिंदू म्हणून मिळतंय ते पाप व्हय? कागद तोच हाय रं, नुसता उलटा धरलाय!"

देवदानचा चेहरा उतरला.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," कोपऱ्यातून हरणाबाई म्हणाल्या. "चावा, चावा एकमेकाला."

हरणाबाई ही शमुवेलच्या वडिलांची, शांतवन मास्तरांची थोरली बहीण, दोन्ही भावांची आत्या. चाळीस वर्षं त्या मिशनच्या बायबलबाई होत्या. पिशवीत शास्त्र घालून मलकापूरपासून तासगावपर्यंत पायी हिंडल्या, उंबऱ्याबाहेर बसून बायकांना वाचून दाखवलं, कुणी पाणी दिलं तर ओंजळीनं प्यालं. आता त्यांना दिसत कमी होतं, पण बोटं शाबूत होती. मांडीवर सूप घेऊन त्या बेदाण्यांचे देठ काढत बसल्या होत्या.

बेदाणे उद्याच्या प्रभुभोजनाचे होते. पूर्वी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम मुंबईहून रसाची बाटली मागवायच्या. सगुणा तासगावची, तिचा भाऊ ज्ञानू तिथं बेदाण्याच्या शेडवर कामाला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती की बाटली कशाला, मी करते की. काळे बेदाणे शनिवारी भिजत घालायचे, हातानं कुस्करायचे, मंद जाळावर उकळायचे आणि मलमलीतून दोनदा गाळायचे. तेव्हापासून वीस वर्षं मंडळीच्या प्याल्यात तिच्याच चुलीवरचा रस असायचा. बायका म्हणायच्या, सगुणाच्या हाताला गोडी आहे.

"सगुणा," शमुवेल म्हणाला, "उद्या रस करायचा न्हाई. ज्या घराला प्याला न्हाई, त्या घरचा रस बी न्हाई. बघू दे पाळकसाहेबांना, पाण्यावर भागतंय का."

देवदाननं वहिनीकडं पाहिलं, आणि सगुणानं सुपाकडं.

तिची तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी गत झाली होती. काय वाटतं ते कुणी तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. साहेबलोक गेले त्या वर्षी ती बाळंतपणाला अडली होती. मॅडम गेलेल्या, दवाखान्याला कुलूप. शमुवेलनं कुलपाच्या किल्ल्या हातात घेऊन दारापाशी डोकं आपटून घेतलं, कारण आत सामान होतं पण ते चालवणारं माणूस नव्हतं. बैलगाडीतून मिरजेला नेईपर्यंत मूल पोटातच गेलं. मुलगा होता. करुणा तेव्हा बारा वर्षांची होती. गाडीत ती आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखं एकच विचारत होती, "आई, बाई डॉक्टर का न्हाई गं?" त्या दिवसापासून सगुणाला एकच पाहिजे होतं. धर्म, कागद, यादी हे सगळं तिच्या लेखी त्याच्यानंतर येत होतं. हे पाप असेल तर असो, असं तिनं देवाला चुलीपुढं बसून कितीदा तरी स्पष्ट सांगितलं होतं.

"भावजी," ती म्हणाली, "एक इचारू? अर्जुनाचं नाव बी हाय का यादीत?"

"पहिलं त्याचंच हाय, वैनी."

अर्जुना समोरच्या घरात राहायचा. पहिलं प्रतिज्ञापत्र त्यानंच केलं होतं, आणि त्याच कागदावर त्याचा थोरला तलाठी झाला होता. धाकट्याचं नाव आता मेडिकलच्या सवलतीच्या यादीत करुणाच्या बरोबर एक खाली होतं. यादी लागली त्या दिवशी अर्जुना पेढे घेऊन आला होता आणि म्हणाला होता, "वैनी, दोघं एकाच गाडीनं जात्याल मिरजंला."

"त्याला काय फरक पडणार हाय?" शमुवेल म्हणाला. "मागच्या बाकावर बसंल, न्हाईतर घरी बसंल. पोरगा तर तलाठी झाला!"

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरला आणि शांतवन मास्तर बाहेर आले. मिशनच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. दोन मुलगे भांडत असताना ते आतच बसून होते, आणि त्याचंच सगुणाला नवल वाटत होतं. मंडळीचे ते सेक्रेटरी, मंडळीची नोंदवही त्यांच्या पेटीत असायची. प्याला बाकाबाकावर नेणं हेही त्यांचंच काम. यादी वाचायचीसुद्धा त्यांनीच होती. देवदान 'मी वाचतो' म्हणत होता ते केवळ बापाला लाज नको म्हणून.

मास्तर खुर्चीत न बसता खाली घोंगडीवर बसले. त्यांच्या मागोमाग करुणा आली आणि दाराला टेकून उभी राहिली. तिच्या हातात ते प्रतिज्ञापत्र होतं.

"करुणा मघापासून मला विचारते आहे," मास्तर म्हणाले, "की आबा, तुम्ही सही केली असती का. मी टाळत होतो. आता सगळे आहात तर सांगतो. माझ्यावर कुणी ओरडू नका, मी आधीच घाबरलोय."

मास्तर घाबरले आहेत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं.

"मी एकोणीस वर्षांचा होतो. मिशनच्या शाळेत मास्तरची जागा निघाली. अट अशी होती की उमेदवार प्रभुभोजन घेणारा पाहिजे. माझा बाप्तिस्मा झाला होता लहानपणीच, पण मला काही वाटत नव्हतं. साहेब आपल्यालाच घर बांधून देतो, तेव्हा आपण त्याच्यासारखी प्रार्थना करायची, इतकंच. आई आजारी होती. त्याच आठवड्यात मी मरीआईला नारळ फोडून आलो होतो. रविवारी साहेबानं मंडळीपुढं मला तीन प्रश्न विचारले. विश्वास धरतोस का? धरतो. जुनं सोडलंस का? सोडलं. मनापासून बोलतोस का? मनापासून. तिन्ही उत्तरं खोटी. सोमवारी मी मास्तर झालो."

हरणाबाईंची बोटं देठ शोधत राहिली.

"आत्या, तुमास्नी ठावं हुतं?" देवदाननं विचारलं.

"नारळाचं खोबरं मीबी खाल्लं हुतं," हरणाबाई म्हणाल्या. "पुढं ऐक."

"नऊ वर्षं मी तसाच प्याला घेतला," मास्तर म्हणाले. "मग पटकीची साथ आली. ही तुमची आत्या आपली पिशवी घेऊन वरच्या आळीत निघाली. ज्या घरातनं घरचीच माणसं पळाली होती, त्या घरात ही शिरायची, रोग्याचं धुवायची. मी म्हटलं मरशील. ऐकेना. एकटी कशी सोडू, म्हणून मी घागरी घेऊन मागं. एका मोठ्या घरातली म्हातारी होती. आमची सावली पडली तर अंगणात शेण टाकायची. तिनं माझ्याकडं हात केला आणि पाणी मागितलं. मी पाजलं. माझ्या ओंजळीतनं. ती गेली, आणि मी तिथंच बसून राहिलो. साहेब नव्हता, मंडळी नव्हती, विचारणारं कुणीच नव्हतं. तिथं मी पहिल्यांदा मनापासून हो म्हटलं. नऊ वर्षं उशिरा."

शमुवेलनं मांडीवर थाप मारली. "मग अण्णा, तेच तर मी म्हणतोय! आधी पोट, मग इश्वास. तुमी बी कागदच केला हुता."

"केला होता," मास्तर म्हणाले. "आणि देवदान, त्या नऊ वर्षांत कुणी माझं नाव मेजापुढं वाचलं असतं, तर मी त्या देवळात पुन्हा पाऊल टाकलं नसतं. तू जन्मला नसतास असं नाही, पण पाळक झाला नसतास."

देवदान खाली मान घालून बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे खोटं चालू द्यायचं, अण्णा? सगळीच अशी नऊ वर्षं थांबली तर मागं राहतंय कोण?"

"ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर मी यादी तुझ्या हातनं काढून घेतली असती."

आणि तेव्हा करुणानं विचारलं, "आबा, ती नऊ वर्षं कशी गेली?"

मास्तरांनी नातीकडं बघितलं. सगुणाला वाटलं, त्यांनी आता तरी खोटं बोलावं. एवढ्या खोट्यात आणखी एक. बरी गेली म्हणावं, कळलंसुद्धा नाही म्हणावं.

"रविवारी पोट दुखायचं," ते म्हणाले. "मुलांना शाळेत 'खरं बोलावं' हा धडा शिकवताना मी फळ्याकडं तोंड करून शिकवायचो. त्यांना वाटायचं मास्तरांचं अक्षर किती सुंदर."

करुणा हसली. मग तिनं हातातला कागद चार घड्या घालून आजोबांच्या पुढ्यात ठेवला.

"मी सही करत न्हाई, आप्पा."

"येडी झालीस का!" शमुवेल ओरडला.

"नर्सिंगचा फॉर्म भरते. त्याला हे लागत न्हाई. पेशंटला खोटं सांगायचं न्हाई, हे पहिल्याच दिवशी शिकवत्यात म्हणं. मला फळ्याकडं तोंड करून डॉक्टर व्हायचं न्हाई." ती देवदानकडं वळली. "पण काका, तुमी यादी वाचू नका. पंधरा घरांनी सही केलीय. त्यांच्या घरात आबा न्हाईत खरं सांगायला."

सगुणाला काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. ती सासऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. वीस वर्षांत तिनं मामंजींना उलटून उत्तर दिलं नव्हतं, डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता.

"मामंजी, चाळीस वर्षं गप बसलासा. आणिक दोन दिस बसायचं हुतं! सोमवार गेला असता मग सांगायचं हुतं. तुमचं मन हलकं झालं, माझी पोर गेली त्यात. आता कुणाच्या दारात जाऊ मी? उद्या एखादी माझ्यासारखी गाडीत मरंल तवा तिला सांगणार व्हय, की आमी खरं बोललो म्हणून बाई डॉक्टर न्हाई?"

मास्तरांनी हात जोडले. सुनेपुढं हात जोडणारा सासरा तिनं कधी पाहिला नव्हता, आणि तिला पाहायचाही नव्हता. ती चुलीकडं गेली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. शमुवेल सदरा चढवून बाहेर पडला. देवदाननं जाताना ती पालथी चप्पल सुलटी केली, घातली आणि तोही गेला.

संध्याकाळ झाली तरी चुलीवर काही चढलं नाही. हरणाबाईंनी चाचपत चाचपत सूप आणून तिच्याजवळ ठेवलं.

"निवडून ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "भिजवायचं का न्हाई ते तू बघ. मी काय सांगणार न्हाई. मी लय जणींना लय सांगितलं जन्मभर."

"आत्याबाई, तुमास्नी काय वाटतं? पोरीनं बरं केलं?"

"बरं केलं." हरणाबाईंनी सुपात राहिलेला एक देठ काढला. "आणि मला लय वाईट वाटतंय, बाई. दोन्ही."

एवढं कुणी आपल्यासारखं बोललं, म्हणून सगुणाला परत रडू आलं. मग तिनं डोळे पुसले आणि पातेल्यात पाणी घेतलं. का घेतलं ते तिला सांगता आलं नसतं. वीस वर्षांची सवय होती. आणि नवऱ्याच्या रागाखातर देवाला पाण्यावर बसवणं तिच्या हातून व्हायचं नव्हतं. कुस्करताना मात्र तिनं बेदाण्यांवर सगळा राग काढला. रस नेहमीपेक्षा दाट उतरला.

रविवारी देऊळ भरलं. एरवी निम्मी मंडळी यायची, आज चाळीसही घरं हजर. यादीत काय निघतंय ते ऐकायला माणसं येतातच, ती ख्रिस्ती असोत की आणखी कुणी. अर्जुना बायकोमुलांसह आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसला होता. त्याच्या पाठोपाठ बाकीची घरं. एक बाक पुरला नाही, तेव्हा माणसं मागं भिंतीलगत चटईवर बसली. नाव वाचल्यावर उठून जायचं म्हणजे साऱ्यांच्या डोळ्यांदेखत चालत जायचं, त्यापेक्षा आधीच बसलेलं बरं. शमुवेलही तिथंच होता. मुलीनं सही केली नव्हती, पण त्यानं केली होती, आणि ती मागं घ्यायला तो काही तयार नव्हता. सगुणा करुणाजवळ बायकांच्या बाजूला बसली. नवऱ्याकडं मान वळवून बघायचं नाही असं ठरवून तिनं तीनदा बघितलं.

मेजावर पांढरं कापड, मिरजेहून आणलेला पाव आणि कल्हई केलेला पितळी प्याला. देवदाननं झग्याच्या खिशातून यादी काढली. बाहेर रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरमधलं गाणं आत ऐकू आलं.

"ही यादी मी केली," तो म्हणाला. आवाज बसलेला होता, रात्रभर झोपला नसावा. "मी ती वाचणार न्हाई. कुणी असं समजू नका की पाळक भ्याला, किंवा भावासाठी नरमला. खोटं ते खोटंच. मी ह्या पंधरा, न्हाई, सोळा घरी एकेक दिवस येणार हाय, आणि तुमच्या चुलीपुढं बसून तेच सांगणार हाय. तुमी मला हाकलून लावा, मी परत येईन. पण मला एक नीट समजलं न्हवतं. मी मेजावर पहारा द्यायला लागलो हुतो. मेज माझं न्हाई. आपण पूर्वी लय होतो, आपल्या पाठीशी साहेब होता, तवा कुणाला आत घ्यायचं अन् कुणाला बाहेर ठेवायचं ते आपल्याला परवडत हुतं. आता आपण एवढंच हावोत. मी तुमाला सोडणार न्हाई, आणि खरं बी सोडणार न्हाई. दोन्ही कसं जमंल ते मला ठाऊक न्हाई."

त्यानं यादी दुमडून शास्त्राखाली ठेवली. प्रार्थना झाली, पाव मोडला, फिरला. पाव पुढच्या बाकांनी घेतला आणि मधल्यांनी घेतला. ताटली मागं गेली तेव्हा मागच्या माणसांनी ती एकमेकांकडं नुसती सरकवली आणि भरलेलीच परत पाठवली. पाळकानं दिलं म्हणून काय झालं, घ्यायला तोंड पाहिजे ना.

देवदाननं प्याला उचलला आणि वडिलांकडं पाहिलं. मास्तर उठले नाहीत.

"आज मी घेणाऱ्यात बसतो, पाळकसाहेब," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी द्या."

पंचमंडळींनी एकमेकांकडं बघितलं. पाच पंचांतले दोघे मागच्या बाकावर होते. मास्तर सोडून उरलेल्या दोघांपैकी एकजण छताकडं बघू लागला आणि एकजण बुटाची नाडी बांधू लागला. मागं न्यायचा म्हटलं तर निम्मी मंडळी नाराज, आणि मधूनच परत फिरायचं म्हटलं तर उरलेली निम्मी. प्याला धरून देवदान उभाच राहिला.

सगुणा उठली.

ती का उठली? तिला त्या क्षणी ना मंडळीची काळजी होती ना दिराची. तिला फक्त दिसलं की प्याला हिंदकळतो आहे. बाईनं प्याला नेण्याची तांबवडीत रीत नव्हती, आणि ते तिच्या ध्यानात आलं तोवर तो तिच्या हातात होता. देवदाननं सोडला आणि तिनं धरला. कुणीतरी "आवं" असं म्हणालं, पण पुढचं कुणाला सुचलं नाही.

ती बाकाबाकानं गेली. हरणाबाईंनी दोन घोट घेतले आणि ओठ पुसले. मास्तरांनी घेतलं तेव्हा सुनेनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, पण प्याला दोन्ही हातांनी पुढं केला. करुणानं घेतलं. मग मधले बाक, आणि त्यानंतर ती जागा आली जिथं पूर्वी मास्तर थांबून परत फिरायचे, कारण त्यामागं कुणी बसायचंच नाही.

मागं पहिला अर्जुना होता. त्याच्या शेजारी त्याचा धाकटा. पँटीला इस्त्री केलेली, केस चोपडलेले. उद्या मिरजेच्या गाडीत एकटाच बसणार होता तो, आणि करुणाच्या नावावर रेघ पडली की त्याचा नंबर एकानं वर सरकणार होता. सगुणाच्या मनात आलं ते देवळात बसून कुणी मनात आणू नये असं होतं. तिला वाटलं, हा रस याच्या डोक्यावर ओतावा. तिला वाटलं, इथंच खाली बसावं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं रडावं. हात मात्र जसा पुढं करायचा तसाच पुढं झाला.

अर्जुना मागं सरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"वैनी, मला नगं. मी सही केलीया. तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय मला," सगुणा म्हणाली. "सगळं ठावं हाय. धर नीट. दोन्ही हातानं धर, सांडू नगं. तासगावचं बेदाणं हाय, लय म्हाग पडलंय मला."

अर्जुनानं दोन्ही हातांनी प्याला धरला.